जालन्याचं जुनं वेड्यांचं हॉस्पिटल आणि आपली विसरणारी माणसं

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या वेळच्या एपिसोडचं हे लेखी रूप. बोलताना जिथं अडखळलो ते सरळ केलंय, बाकी तसंच ठेवलंय.

जालना म्हटलं की लोकांना स्टील आठवतं, बियाणं आठवतं, फार तर मोसंबी. पण निजामाच्या काळात हैदराबाद संस्थानाचं वेड्यांचं हॉस्पिटल काही वर्षं आपल्या जालन्यात होतं, हे किती जणांना माहीत आहे? मी स्वतः जालना जिल्ह्यातला, शाळा इथंच झाली, पण हे कधी कुणी सांगितलं नाही. या हॉस्पिटलची सुरुवात झाली हैदराबादच्या चंचलगुडा तुरुंगात. हो, तुरुंगात. नाव होतं दारुल मजानीन. मजानीन म्हणजे मजनूनचं अनेकवचन, तोच आपला लैलावाला मजनू. पुढे ते जालन्याला हलवलं आणि १९५३ मध्ये परत हैदराबादला, एर्रागड्डा भागात नेलं. आज ते इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थ म्हणून ओळखलं जातं.

हॉस्पिटल गेलं आणि तीन वर्षांनी, १९५६ मध्ये, आपण मुंबई राज्यात आलो. या बाजूची मोठी मनोरुग्णालयं कुठं? नागपूर, रत्नागिरी, ठाणे आणि पुण्यात येरवडा. नकाशा उघडून बघा, मराठवाड्यात एकही नाही.

आता माझा प्रश्न वेगळा आहे. घरातली म्हातारी माणसं, जी विसरायला लागतात, रस्ता चुकतात, स्वतःच्या पोराला "तू कोण रे?" विचारतात, ती या इतिहासात कुठं आहेत? इंग्रजांच्या काळातल्या वेड्यांच्या इस्पितळांच्या वार्षिक अहवालात रुग्णांचे प्रकार लिहिलेले असायचे, त्यात 'डिमेन्शिया' हा शब्द आहे. पण तेव्हा त्याचा अर्थ आजच्यासारखा नव्हता. कुठल्याही वयाचा माणूस, ज्याची बुद्धी आता परत येणार नाही असं डॉक्टरला वाटलं, तो त्या खान्यात जायचा. आणि आपल्याकडं घरोघरी तर याला आजार म्हणतच नव्हते. म्हातारचळ म्हणायचे. साठी बुद्धी नाठी म्हणायचे आणि विषय संपायचा.

हा घोळ फक्त आपल्याकडं होता असं समजू नका. १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या इस्पितळात ऑगस्टे डेटर नावाची बाई दाखल झाली, वय ५१. डॉ. अलॉइस अल्झायमर तिला रोज प्रश्न विचारायचे आणि तिची उत्तरं जशीच्या तशी लिहून ठेवायचे. १९०६ मध्ये ती वारली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी ट्युबिंगनच्या परिषदेत तिच्या मेंदूत काय दिसलं ते मांडलं. १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमरचं नाव दिलं. तिची फाइल नंतर गहाळ झाली, ती सापडली थेट १९९५ मध्ये. नव्वद वर्षांपूर्वीचा लॉग कुणी डिलीट केला नव्हता, हे वाचून माझ्यातला इंजिनिअर खूश झाला.

पण गंमत अशी, की ऑगस्टे फक्त ५१ वर्षांची होती. त्यामुळे पुढची कित्येक दशकं डॉक्टर हा चाळिशी-पन्नाशीतला दुर्मिळ आजार समजत राहिले. सत्तरीतला माणूस विसरतोय? ते म्हातारपण. अमेरिकेतले न्यूरॉलॉजिस्ट रॉबर्ट कॅट्झमन यांनी १९७६ मध्ये ठामपणे लिहिलं, की दोन्ही एकच आहेत आणि हा लाखोंचा जीव घेणारा आजार आहे. म्हणजे साठी बुद्धी नाठी हे तिकडंही शास्त्राच्या भाषेत चालूच होतं, आपल्यापेक्षा फार पुढं नव्हते ते.

भारतात यावर काम करणारी पहिली मोठी संघटना, अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी, १९९२ मध्ये कोचीत सुरू झाली. पण मला सगळ्यात भारी वाटते ती आपल्या शेजारच्या गोव्याची गोष्ट.

डॉ. अमित डायस, विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिसवाडी आणि बार्देश या दोन तालुक्यांत एक प्रयोग केला. डिमेन्शिया असलेली ८१ कुटुंबं. निम्म्यांना लगेच मदत, उरलेल्यांना नंतर. मदत करणारे कोण? डॉक्टर नाहीत, नर्सही नाहीत. बारावीपर्यंत शिकलेली, तिथली भाषा बोलणारी, या कामाची आस असलेली स्थानिक माणसं. त्यांना थोडंसं प्रशिक्षण दिलं आणि ती किमान पंधरा दिवसांतून एकदा, असं सहा महिने घरी जात राहिली. आजार म्हणजे काय ते समजावणं, आंघोळ-जेवण कसं घालायचं, आरडाओरडा झाला तर काय करायचं, सरकारी योजना कुठल्या, आणि प्रकरण हाताबाहेर गेलं तर मनोविकारतज्ज्ञाकडं पाठवणं. २००८ मध्ये निकाल छापून आला. सांभाळणाऱ्यांची मानसिक अवस्था सुधारली, रुग्णाच्या वागण्याचा त्यांना होणारा त्रास कमी झाला. आजार बरा झाला का? नाही. तसा दावाही कुणी केला नाही.

मी हे वाचलं तेव्हा घरी आजीचं तिसरं वर्ष चालू होतं. संध्याकाळ झाली की तिला 'घरी' जायचं असायचं. घरातच बसून. मी दोन वृद्धाश्रमांना फोन केले. दोन्हीकडून पहिला प्रश्न एकच: "आजी स्वतःचं स्वतः करतात ना?" म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त गरज, त्यालाच दार बंद. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात जिल्ह्याला किमान एक वृद्धाश्रम, गरीब अशा दीडशे ज्येष्ठांसाठी, असं लिहिलंय. पण इंग्रजी मसुद्यातलं क्रियापद 'मे' आहे, 'शॅल' नाही. सरकार बांधू शकतं. बांधलंच पाहिजे असं नाही. कोड असो की कायदा, असा एक शब्द सगळं फिरवतो.

मग घरचा इलाज आईनंच काढला. तिनं आजीपुढं कापूस ठेवला. आजी वाती वळायला लागली. सूनबाईचं नाव आठवत नव्हतं, पण बोटं चुकत नव्हती. हाताला सवयीची असलेली कामं मेंदूत वेगळ्या वाटेनं साठवली जातात आणि ती बरीच उशिरापर्यंत टिकतात. आईला हे कुणी शिकवलं नव्हतं. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड विद्यापीठाचे टॉम किटवूड यांनी १९९७ मध्ये याच विषयावर पुस्तक लिहिलं. आधी माणूस बघा, आजार नंतर, असं त्यांचं म्हणणं.

म्हणून केअर होम म्हटलं की मला आधी इमारत सुचत नाही. कुठलं केअर होम चांगलं, हे तिथल्या मावशींवरून कळतं. त्या दर महिन्याला बदलतात का? आजोबा आधी एसटीत कंडक्टर होते हे त्यांना माहीत आहे का? रात्री आजोबा उठून "गाडी सुटायची वेळ झाली" म्हणाले, तर त्यांना पलंगाला बांधतात, की कुणी दोन मिनिटं शेजारी बसून तिकिटं फाडून घेतं? आणि जो हे होम चालवतो त्याचं खरं काम म्हणजे या मावशींचा पगार, सुट्टी आणि झोप सांभाळणं. दमलेल्या माणसाकडून माया मागता येत नाही. पोस्टरवर फोटो कुणाचाही असू दे.

आकडे सांगतो आणि थांबतो. २०२३ मध्ये छापून आलेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे साधारण ८८ लाख. बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त, आणि गावात शहरापेक्षा जास्त. म्हणजे पुण्या-मुंबईपेक्षा आपल्या अंबड, मंठा, भोकरदनकडं जास्त बघायला हवं, आणि सोयी मात्र नेमक्या उलट्या आहेत.

जालन्यात आता ३६५ खाटांचं नवीन प्रादेशिक मनोरुग्णालय मंजूर झालंय. १९५३ मध्ये गेलेलं काहीतरी परत येतंय, याचा मला आनंद आहे. पण विसरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची जागा मनोरुग्णालयात नसते, आणि साध्या वृद्धाश्रमात त्याला घेत नाहीत. गोव्यासारखी बारावी शिकलेली पोरं-पोरी तालुक्या-तालुक्यात तयार करायला इमारत लागत नाही. त्या मनोरुग्णालयातला एक डॉक्टर महिन्यातून काही दिवस त्यांच्या पाठीशी उभा राहिला, तरी बरंच होईल. हे आपल्या आमदाराला विचारता येतं. मी विचारणार आहे.

तोवर घरात कुणाला गरज असेल तर ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७, आणि सांभाळून सांभाळून तुमचंच डोकं फिरायची वेळ आली असेल तर टेली-मानस १४४१६. दोन्ही फुकट आहेत. पुढच्या वेळी भेटू तेव्हा जालन्याच्या जुन्या छावणीबद्दल बोलू.