उसनी औषधं

“खरं सांग, मला कॅन्सर झालाय का रे?” आईने जेवता जेवता विचारलं.

तिला ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी दिलेली. तिने ते नाव मोबाइलवर शोधलं, ‘कॅन्सर’ हा शब्द वाचला आणि कुणाला न सांगता काही रविवार गोळी घेतलीच नाही. परवा सकाळी तिला पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडेना.

मी सॉफ्टवेअरवाला. एखादी गोष्ट कळली नाही की तिचा इतिहास काढायचा, एवढंच येतं. तो काढला.

१९४८ मध्ये बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांना अमिनोप्टेरिन दिल्याचे निष्कर्ष छापले. ते औषध बनवणाऱ्या लेडर्ले कंपनीत संशोधनाचे प्रमुख होते आपल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. मेथोट्रेक्सेट हे अमिनोप्टेरिनचंच भावंड. १९५१ मध्ये अमिनोप्टेरिन संधिवातावर वापरून पाहिलं गेलं, पण मेथोट्रेक्सेटला अमेरिकेत संधिवातासाठी मान्यता मिळायला १९८८ उजाडलं. कॅन्सरच्या मानाने डोस अगदी थोडा.

औषध उसनं घेता आलं, कारण ल्युकेमियात बिघडतात त्या पांढऱ्या पेशी आणि संधिवातात आपल्याच सांध्यांवर उलटतात त्याही पांढऱ्या पेशीच.

पण त्यातली नेमकी पेशी गाठायची कशी? पेशींच्या अंगावर रिसेप्टर आणि इतर प्रथिनं असतात, त्यांवरून त्या ओळखता येतात. १९७५ मध्ये केंब्रिजला कोहलर आणि मिलस्टीन यांनी एकच खूण पकडणाऱ्या अँटिबॉडी हव्या तितक्या बनवायची रीत शोधली. पुढे बी पेशींवरची सीडी२० ही खूण पकडणारं रिटुक्सिमॅब आलं. १९९७ मध्ये लिम्फोमासाठी, २००६ मध्ये संधिवातासाठी. परत उसनं!

तिसरी गोष्ट आमच्या घराजवळची. ४ जून २०२१ रोजी खारघरला, टाटा मेमोरियलच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये, कॅन्सरवरची देशातली पहिली कार-टी उपचारपद्धती वापरली गेली. रुग्णाच्याच टी पेशी काढून आयआयटी मुंबईत त्यांना नवा रिसेप्टर बसवला होता. हा रिसेप्टर बी पेशींवरचा सीडी१९ हुडकतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये या उपचाराला रक्ताच्या कॅन्सरसाठी मान्यता मिळाली.

त्याच २०२१ मध्ये जर्मनीतल्या एर्लांगेनच्या डॉक्टरांनी सीडी१९ हुडकणारी कार-टी ल्युपस झालेल्या वीस वर्षांच्या मुलीला दिल्याचं छापलं. पुढच्या वर्षी पाच रुग्णांचा अहवाल आला. पाचही जणांची ल्युपसची औषधं बंद करता आली होती. रुग्ण मोजकेच, पण वाट जुनीच.

हे सगळं आईला सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे औषध त्यांचं, दुखणं माझंच.”

“हो. आणि मनाने बंद करायचं नाही.”

डॉक्टरांना फोन करून चुकलेल्या गोळ्यांचं सांगितलं. त्यांनी परत सुरू करायला सांगितली. आता कालनिर्णयवरच्या प्रत्येक रविवारभोवती तिने निळ्या पेनाने गोल केलाय.