कुंभकोणमची जैन घरे आणि ‘जीवकचिंतामणी’

कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये वसलेले कुंभकोणम हे तमिळ देशातील अतिप्राचीन नगर होय. कुंभेश्वर आणि शार्ङ्गपाणी यांची उत्तुंग गोपुरे, विड्याच्या पानांचे मळे, पितळेच्या भांड्यांची पेठ आणि बारा वर्षांनी भरणारा महामहम तीर्थाचा मेळा यांमुळे या नगरीची कीर्ती दूरवर पसरलेली आहे. महाराष्ट्राचा तिच्याशी निकटचा संबंध आला. तंजावरच्या भोसले राजांच्या अमलात हे नगर होते, आणि पुढे बडोद्याचे दिवाण म्हणून नावाजलेले सर टी. माधवराव यांचा जन्म येथेच १८२८ मध्ये झाला. या देवळांच्या नगरीत जैन गृहस्थांचीही थोडी घरे होती, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानी येत नाही.

कावेरीच्या या प्रदेशात जैनांची वस्ती पूर्वापार आहे. तंजावरनजीक करंदै येथील आदिनाथांचे, मन्नारगुडी येथील मल्लिनाथांचे आणि दीपंगुडी येथील जिनमंदिर तिची साक्ष देतात. हे श्रावक उत्तरेतून व्यापारासाठी आलेले नव्हेत. ते त्याच मातीतले. भाषा तमिळ, वेष तमिळ, नावापुढे चेट्टियार, नयिनार अशी तिकडचीच उपपदे. शेजाऱ्यापाजाऱ्यांपासून त्यांचे वेगळेपण दिसे ते सूर्यास्तापूर्वीचे भोजन, गाळलेले पाणी आणि घरातील शास्त्रवाचन यांत. यांपैकी शेवटच्या गोष्टीने तमिळ वाङ्मयावर केवढे उपकार केले, त्याचा हा वृत्तांत आहे.

तो आपल्यापर्यंत पोहोचला एका जैनेतर पंडिताच्या आठवणींतून. महामहोपाध्याय उ. वे. स्वामिनाथ अय्यर (१८५५–१९४२) हे जवळच्याच उत्तमदानपुरम् गावचे स्मार्त ब्राह्मण. तिरुवावडुतुरै येथील शैव मठात महाविद्वान मीनाक्षिसुंदरम् पिळ्ळै यांच्या चरणांशी त्यांचे अध्ययन झाले होते. १८८० मध्ये कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात ते तमिळचे अध्यापक झाले. त्याच वर्षी सेलम रामस्वामी मुदलियार हे मुन्सफ म्हणून तेथे आले. पहिल्याच भेटीत मुदलियारांनी काय काय वाचले आहे, असे विचारले. अय्यरांनी पुराणे, अंतादी, उला अशी लांबलचक यादी सांगितली. मुदलियारांवर तिचा काहीच परिणाम झाला नाही. ‘जीवकचिंतामणी’ वाचले आहे काय, एवढेच त्यांनी विचारले. अय्यरांनी ते पाहिलेही नव्हते. पंचविशीतल्या अध्यापकाला हा प्रश्न झोंबला असल्यास नवल नाही. पुढे मुदलियारांनीच ग्रंथाची हस्तलिखित प्रत त्यांच्या हाती ठेवली.

‘चिंतामणी’ हे तमिळच्या पंचमहाकाव्यांत गणले जाणारे काव्य जैन मुनी तिरुत्तक्कदेवर यांनी साधारण दहाव्या शतकात रचले. तेरा इलंबकांत तीन हजारांहून अधिक पद्ये आहेत. राजपुत्र जीवक म्हणजे वादीभसिंहसूरींच्या ‘क्षत्रचूडामणी’तला जीवंधरकुमार, त्यामुळे कथा आपल्या अनेक वाचकांस परिचित असेल. मयूरयंत्रातून निसटलेली राणी विजया, स्मशानातील जन्म, वैश्याच्या घरी झालेले संगोपन, पराक्रम, विवाहांमागून विवाह, आणि अखेरीस वानराच्या हातचे फणसाचे फळ माळ्याने हिरावून घेतलेले पाहून उपजलेले वैराग्य. शैवांना या काव्याचे आकर्षण आणि भय दोन्ही होते. चोळ राजा या काव्यात रमला, त्याला परतविण्यासाठी सेक्किळारांनी ‘पेरियपुराण’ रचले, अशी त्यांचीच परंपरा सांगते.

अय्यरांची भाषा पक्की होती, तरी ग्रंथ उलगडेना. मंगलाचरणातच सिद्ध आणि अर्हंत यांना वंदन. शैव संस्कारात वाढलेल्या वाचकास ही स्तुती कोणत्या देवाची, हेच कळणे कठीण. नच्चिनार्क्किनियर यांची प्राचीन टीका जवळ होती, परंतु तीही जैन परिभाषा जाणणाऱ्या वाचकासाठी लिहिलेली. विद्वानांत विचारावे, तर त्या काळी हा ग्रंथ शिकविणारा कोणी उरला नव्हता.

अशा वेळी गावातच जैन श्रावक असून ते हा ग्रंथ वाचतात, असे त्यांना समजले. ते एका श्रावकाच्या घरी गेले. दाराशी तोरण होते, घरात सणाचे वातावरण होते. आज कोणता उत्सव, असे त्यांनी विचारले. ‘चिंतामणी’चे वाचन चालू होते, त्याची सांगता झाली, असे उत्तर मिळाले. ज्या ग्रंथाचा अर्थ सांगणारा विद्वान मिळेना, त्याचे त्याच नगरात, काही गल्ल्यांपलीकडे, श्रद्धेने पारायण होत होते.

त्या दिवसापासून अय्यर शिष्यभावाने जैन घरी जाऊ लागले. अडलेला शब्द विचारावा आणि घरच्या माणसांनी तो सहज सोडवावा. त्यांना ते पांडित्य वाटत नसावे. तो नित्याच्या स्वाध्यायाचा भाग होता. येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. ज्यांच्या पूर्वजांचा शैवांनी वादात पराभव केल्याच्या कथा देवळोदेवळी सांगितल्या जात, त्या घरांनी शैव मठातून आलेल्या माणसापासून काही लपवून ठेवले नाही. आणि ब्राह्मण अध्यापकानेही त्यांच्यापुढे प्रश्न घेऊन बसण्यात कमीपणा मानला नाही. जैन ग्रंथ प्रकाशात आणल्याबद्दल त्यांच्यावर स्वकीयांची टीका झाली, ती त्यांनी सोसली.

१८८७ मध्ये ‘चिंतामणी’ सटीक छापून प्रसिद्ध झाले. टीकेत ठिकठिकाणी अज्ञात ग्रंथांतील वचने आढळली. त्यांचा माग काढता काढता अय्यर प्राचीन संघम् वाङ्मयाच्या ताडपत्रांपर्यंत पोहोचले: १८८९ मध्ये ‘पत्तुप्पाट्टु’, १८९४ मध्ये ‘पुरनानूरु’. मध्ये १८९२ साली ‘शिलप्पदिकारम्’ निघाले, जे इळंगो अडिगळ या जैन यतींचे मानले जाते.

१९०३ मध्ये अय्यर मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गेले. उतारवयात ‘आनंद विकटन’ साप्ताहिकातून १९४० पासून त्यांचे आत्मचरित्र क्रमशः येऊ लागले. ते पुरे होण्यापूर्वीच १९४२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी जमविलेली ताडपत्रे चेन्नईत त्यांच्या नावाच्या ग्रंथालयात जपलेली आहेत. कुंभकोणमच्या त्या श्रावकांनी स्वतः काही लिहून ठेवले असल्यास ते प्रसिद्ध नाही. अय्यरांच्या त्या अपुऱ्या आत्मचरित्रात मात्र त्यांच्या दाराचे तोरण तसेच आहे.