तुकोबांवरची दोन गाणी

अलिबाग तालुक्यातल्या गावोगावी हरिनाम सप्ताह होतात. कीर्तन संपत आले की ज्ञानोबांच्या आरतीमागोमाग तुकोबांची आरती म्हटली जाते. म्हणणाऱ्या बहुतेकांना ती तोंडपाठ असते. तिच्या शेवटी कर्त्याचे नाव येते. पण तोवर टाळांची लय वाढलेली असते आणि ते नाव गजरात विरून जाते. ते नाव आहे रामेश्वरांचे. वाघोलीचे हे रामेश्वरभट्ट म्हणजे परंपरेने तुकोबांचे विरोधक म्हणून लक्षात ठेवलेले विद्वान ब्राह्मण.

एका कवीने दुसऱ्या कवीवर रचलेले गीत ही जगभर आढळणारी गोष्ट आहे. अमेरिकेत तरुण बॉब डिलन वुडी गथ्री या लोकगायकाच्या गाण्यांनी भारावला, रुग्णालयात खिळलेल्या गथ्रीला जाऊन भेटला आणि 1962 च्या आपल्या पहिल्याच तबकडीत त्याने गथ्रीवरचे गीत गायले. त्या गीताची चालही त्याने गथ्रीच्याच एका गाण्यावरून घेतली. गुरूचे गुणगान गुरूच्याच सुरात करावे, हा संकेत आपल्याकडेही जुना आहे. नामदेवांनी ज्ञानदेवांच्या समाधीचे अभंग रचले, तेव्हापासून तो चालत आला आहे. परंतु सतराव्या शतकातील महाराष्ट्रात अशा गीताची किंमत निराळी होती. ती ध्यानात घेतल्याशिवाय ही गीते नीट वाचता येत नाहीत, असे आम्हांस वाटते.

रामेश्वरभट्टांचा आक्षेप काय होता? शूद्र मानल्या गेलेल्या जातीतील माणसाने प्राकृत अभंगांतून वेदांचा अर्थ सांगावा, याला धर्मशास्त्राचा आधार नाही, हा. त्यातून तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या, तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या आणि पुढे रामेश्वरभट्ट त्यांना शरण आले, अशी कथा आहे. अठराव्या शतकात महीपतींनी ती घरोघर पोहोचवली. चमत्कार कोणी मानो वा न मानो, आरती समोर आहे. रामाने सागरावर पाषाण तारले, तसे तुकोबांचे अभंग पाण्यात राखले गेले, असा दृष्टान्त तीत आहे. तुकोबांना तराजूत तोलले तेव्हा दुसऱ्या पारड्यात ब्रह्मच बसले, म्हणून आपण मस्तक ठेवले, असे कर्ता म्हणतो. ज्याने तोलून पाहिले, त्याचीच ही कबुली आहे. स्वतःचे नाव घालून दिलेली कबुली मागे घेता येत नाही.

दुसरे गीत बहिणाबाईंचे. खानदेशच्या बहिणाबाई चौधरी नव्हेत, तर वेरूळजवळच्या देवगावी जन्मलेल्या आणि शिऊरला ज्यांची समाधी आहे त्या संत बहिणाबाई. ब्राह्मण घरातील ही मुलगी लहानपणीच वयाने बऱ्याच मोठ्या बिजवराला दिली गेली. फिरत फिरत हे कुटुंब कोल्हापुरास आले. तेथे जयरामस्वामींच्या कीर्तनांत तिच्या कानी तुकोबांची पदे पडली. देहूचे अभंग कर्त्याच्या हयातीत, छापखान्याविना, कोल्हापुरापर्यंत गेले होते, हे आपल्याला बहिणाबाईंच्या आत्मकथनपर अभंगांतूनच कळते. तुकोबांना पाहिले नसतानाच त्यांनी स्वप्नात त्यांचा उपदेश घेतला. पतीने मारहाण केली, घर सोडून जाण्याची तयारी केली. पुढे मात्र तोच त्यांच्यासह देहूस गेला. तेथे मंबाजीने छळ केला, कारण ब्राह्मण स्त्रीने शूद्राला गुरू करणे त्याला रुचले नाही. हे सारे बहिणाबाईंनी स्वतः लिहून ठेवले आहे. वह्यांच्या तेरा दिवसांचा उल्लेखही त्यांच्याकडे आहे.

त्यांचा वारकरी संप्रदायाला इमारतीची उपमा देणारा अभंग आज भाषणांतून गुळगुळीत झाला आहे. पाया ज्ञानदेवांचा, विस्तार नामदेवांचा, मग एकनाथ आणि शेवटी कळस म्हणून तुकोबा. अलंकार म्हणून आपण तो ऐकतो. वस्तुतः हा एक निवाडा आहे. तुकोबांचे निर्वाण 1650 मधले आणि बहिणाबाईंचे 1700 मधले. ज्यांच्या अधिकाराविषयी वाद झाला होता, त्यांना त्यांच्याच पिढीची साक्षीदार सर्वांत उंच जागा देते. ती देताना जातीची उतरंड तिने बाजूस सारली. वज्रसूची या संस्कृत ग्रंथाच्या आधारे, ब्राह्मण नेमका कोणास म्हणावे, याची चर्चा तिने मराठीत केली, हे या संदर्भात आठवावे.

दोन्ही गीते अशी परस्परांना पूरक आहेत. एक विरोध सोडलेल्या पंडिताचे, दुसरे घरचा विरोध सोसलेल्या शिष्येचे. दोघांनीही आपली मान्यता तुकोबांच्याच भाषेत, गाता येईल अशा रूपात मांडली. संस्कृतात स्तोत्र रचणे रामेश्वरभट्टांना अवघड नव्हते. ते पंडितांत राहिले असते. मराठी आरती रचली, म्हणून ती शेतकऱ्याच्या आणि कोळ्याच्या तोंडी आली.

तुकोबांचे मोठेपण आज कोणालाही सांगावे लागत नाही. त्यामुळेच ते मान्य करायला कधीकाळी धैर्य लागले होते, हे आपण सहज विसरतो. आरतीच्या अखेरीस येणारे ते एक नाव स्पष्ट उच्चारले, तरी त्या धैर्याची थोडी जाण राहील.