निसर्गेतिहास संग्रहालय, लंडन : पक्षिसंग्रह व रानपिंगळा

हान्स स्लोन (१६६०–१७५३) यांच्या संग्रहातून १७५३ मध्ये ब्रिटिश म्यूझीयमची स्थापना झाली. लंडनचे निसर्गेतिहास संग्रहालय हा मूळचा त्याचाच एक विभाग होय. नमुन्यांची संख्या वाढल्याने साउथ केन्सिंग्टन येथे ॲल्फ्रेड वॉटरहाउस यांच्या आराखड्यानुसार स्वतंत्र वास्तू उभारण्यात आली व ती १८८१ मध्ये लोकांसाठी खुली झाली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस पक्षिसंग्रह ट्रिंग येथे हलविण्यात आला. तेथे पक्ष्यांची सु. साडेसात लाख कातडी आहेत. कातड्यास बांधलेल्या चिठ्ठीवर स्थळ, तारीख व संग्राहकाचे नाव नोंदलेले असते. नमुन्याचे वैज्ञानिक मूल्य मुख्यतः या चिठ्ठीवर अवलंबून असते. ती खोटी असल्यास काय घडते, हे रानपिंगळ्याच्या इतिहासावरून दिसून येते.

भारतीय पक्ष्यांच्या दृष्टीने या संग्रहात ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम (१८२९–१९१२) यांची देणगी सर्वांत महत्त्वाची आहे. भारतीय राष्ट्रीय काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे हे सनदी अधिकारी नामवंत पक्षिविज्ञ होते. पक्षिविषयक नियोजित ग्रंथाची त्यांची हस्तलिखिते सिमल्याच्या घरातून एका नोकराने बाजारात रद्दी म्हणून विकली. हे लक्षात आल्यावर त्यांनी हा व्यासंग सोडला आणि १८८५ मध्ये सु. ६३,००० कातडी व सु. १८,५०० अंडी संग्रहालयास दिली. संग्रह नेण्यासाठी संग्रहालयाचे पक्षिविज्ञ रिचर्ड बाउडलर शार्प स्वतः सिमल्यास आले होते.

एफ. आर. ब्लेविट यांनी मध्य भारतातील बसना परिसरात (सध्या छत्तीसगढ राज्यात) १८७२ मध्ये मिळविलेल्या एका लहान घुबडाचे वर्णन ह्यूम यांनी १८७३ मध्ये आपल्या स्ट्रे फेदर्स या नियतकालिकात प्रसिद्ध केले व ब्लेविट यांचेच नाव त्या जातीस दिले. हाच रानपिंगळा होय. तो नेहमीच्या पिंगळ्यासारखा दिसत असला, तरी त्याच्या माथ्यावरील ठिपके अस्पष्ट असतात आणि तो दिवसाही वावरतो. पुढे जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशातून त्याचे आणखी नमुने मिळविले. १८८४ पर्यंत गोळा झालेले एकूण सात नमुने एवढाच या जातीचा पुरावा होता.

विसाव्या शतकात मात्र आणखी एका नमुन्याची नोंद झाली. ब्रिटिश सैनिक व पक्षिविज्ञ रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन (१८७८–१९६७) यांच्या संग्रहातील रानपिंगळ्याच्या चिठ्ठीवर गुजरातमधील तापीकाठचे मांडवी हे स्थळ व १९१४ हे वर्ष होते. सु. २०,००० कातड्यांचा हा संग्रह त्यांनी १९५४ मध्ये संग्रहालयास दिला. त्यामुळे ही जाती १९१४ पर्यंत गुजरातमध्ये होती, असे गृहीत धरले गेले. सालिम अली व एस. डिलन रिप्ली यांनी घेतलेला तिचा शोध निष्फळ ठरला आणि ती नामशेष झाली असावी, असे मत बळावले.

माइनर्ट्‌झहागेन यांच्या नमुन्यांविषयीची शंका ॲलन नॉक्स यांनी १९९३ मध्ये रेडपोल पक्ष्यांच्या अभ्यासातून पुराव्यानिशी मांडली. त्यानंतर अमेरिकन पक्षिविज्ञ पॅमेला रासमुसेन यांनी नायजेल कॉलर यांच्यासह रानपिंगळ्याचा नमुना तपासला. क्ष-किरण चित्रे आणि कातडे भरण्याची पद्धत यांवरून तो मूळचा डेव्हिडसन यांचा असल्याचे सिद्ध झाले. संग्रहालयातून चोरलेले कातडे पुन्हा भरून त्यास नवी चिठ्ठी बांधण्यात आली होती. हे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले.

मांडवीची नोंद अशी बाद झाल्याने खरी राहिलेली जुनी स्थळेच शोधासाठी उरली. रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांनी त्यांचा माग घेतला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्यानजीक सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांना जिवंत रानपिंगळा आढळला. १८८४ नंतर ११३ वर्षांनी झालेला हा पुनर्शोध डेव्हिडसन यांच्या खानदेशातील परिसरातच लागला. त्यानंतर मेळघाट, यावल, तानसा तसेच मध्य प्रदेश व गुजरात येथेही तो दिसून आला. तरीही जंगलतोडीमुळे त्याचे अस्तित्व संकटात असून आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने २०१८ मध्ये त्यास संकटग्रस्त वर्गात ठेवले. एका खोट्या चिठ्ठीने अभ्यासकांची दिशाभूल केली, तर डेव्हिडसन यांच्या प्रामाणिक चिठ्ठ्यांनी शंभराहून अधिक वर्षांनंतर पक्ष्याचा ठावठिकाणा सांगितला. जुन्या संग्रहांच्या काटेकोर जपणुकीचे महत्त्व यातून स्पष्ट होते.