खाशाबांचं पदक आणि मोडीचा भाव

भंगारवाला दारात आला की जुने कप आणि ढाली वजनावर जातात. द्या, पण आधी त्यावरचं नाव अन् साल वाचा. आणि चिंच लावून घासू नका. अक्षरं झिजली की जुन्या वस्तूची किंमतही गेली.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत तिसरे आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. धातू म्हणाल तर कांस्य, सोनार मोडीत घ्यायचा नाही. पण त्या प्रवासासाठी लोकांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. घर गहाण पडणं म्हणजे काय, हे बचत गटातल्या बाईला मी काय सांगावं! परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्या लावून ते कर्ज फेडलं. ते १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर.

२०१७ साली, गावातली कुस्ती अकादमी रखडली म्हणून, घरच्यांनी हेच पदक लिलावात काढायचं जाहीर केलं. तेव्हा कुठे राज्यभर त्याच्या किमतीची चर्चा झाली.