लेजर पोस्टिंग मशीन उर्फ कॉम्प्युटर

मोठ्या बँकेत आयटीच्या नोकरीसाठी इंटरव्ह्यू दिला असेल तर हा प्रश्न ओळखीचा असेल : एका खात्यातून पैसे वजा झाले आणि दुसऱ्यात जमा व्हायच्या आत सर्व्हर बसला, तर काय? आपण लगेच ट्रान्झॅक्शन, रोलबॅक वगैरे पाठ केलेलं म्हणून दाखवतो. मला हा प्रश्न मुळात कॉम्प्युटरवाल्यांचा वाटतच नाही. तो खतावणी लिहिणाऱ्या कारकुनाचा आहे.

तेव्हा प्रत्येक खात्याचं लेजरमध्ये वेगळं पान असायचं. व्यवहार हाताने लिहा, शिल्लक काढा, संध्याकाळी सगळं जुळवा. फरक थोड्या पैशांचा असला तरी शोधायचाच. १९६९ साली १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, शाखा भराभर वाढल्या आणि कागद त्याहून भराभर! यंत्रांची गरज उघड दिसत होती, पण कामगार संघटनांचा विरोध होता. आज आपल्याला त्या विरोधाचं हसू येतं. मला विचाराल तर त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. चिकटलेली सरकारी नोकरी म्हणजे अख्ख्या घराचा आधार होता. (एआयच्या बातम्या वाचून आपली काय अवस्था होते ते आठवा.)

शेवटी १९८३ मध्ये बँका आणि संघटना यांच्यात करार झाला : यंत्रं येतील पण मर्यादित, आणि ती चालवणाऱ्यांना वेगळा भत्ता. १९८४ साली रिझर्व्ह बँकेच्या सी. रंगराजन समितीचा अहवाल आला आणि शाखांत 'अ‍ॅडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन' दिसू लागलं. नाव बघा, त्यात कॉम्प्युटर हा शब्दच नाही! आत मायक्रोप्रोसेसरच होता, पण नाव लेजरचं. चालवणारेही बँकेतलेच कारकून. म्हणजे सरकारी बँकांच्या शाखांतली ही पहिली 'टेक्निकल' नोकरी बाहेरून इंटरव्ह्यू देऊन मिळतच नव्हती.

गंमत पुढे आहे. नव्वदच्या दशकात अंधेरीच्या सीप्झमध्ये सिटिकॉर्पची सॉफ्टवेअर कंपनी 'मायक्रोबँकर' नावाचं पॅकेज परदेशी बँकांना विकत होती. (हीच पुढे आय-फ्लेक्स झाली आणि नंतर ओरॅकलकडे गेली.) आणि त्याच मुंबईतल्या कित्येक सरकारी शाखांत लेजरची पानं उलटली जात होती. १९९३ साली नवा करार झाला. पाठोपाठ एचडीएफसी, आयसीआयसीआय अशा नव्या खाजगी बँका उतरल्या, त्यांना जुनी लेजर्स नव्हतीच. कोऱ्या पाटीवर लिहिणं सोपं असतं.

सरकारी बँकांना मात्र २००० नंतर कोअर बँकिंगमध्ये जाताना शाखेशाखेतली जुनी शिल्लक नव्या सिस्टीमशी जुळवावी लागली. कोड लिहायला बाहेरचे इंजिनियर होते. पण अर्धवट नोंदी, एकाच माणसाची तीन स्पेलिंगं, वर्षानुवर्षं पडून असलेली सस्पेन्स खाती, हे सगळं उलगडून सांगायला त्या शाखेत जन्म काढलेला माणूसच लागायचा. त्याचं नाव कुठल्याच डिझाइन डॉक्युमेंटमध्ये सापडायचं नाही.

असो. संध्याकाळी लेजर जुळवायचं ते काम आता रात्री बॅचमध्ये चालतं. त्याला 'डे एंड' म्हणतात, आणि ते मध्येच अडकलं की रात्री दोन वाजता आपल्यासारख्याच कुणाचा तरी फोन वाजतो.