खामगांवचा कापूस आणि वऱ्हाडची भाकरी

ज्या गांवीं बाजार मोठा, त्या गांवीं कोणी उपाशी राहत नसेल, अशी शहरांत राहणाऱ्या माणसाची सहज समजूत असते. त्याच्या घरीं धान्य येतें तें दुकानांतून. दुकान उघडें आहे आणि खिशांत पैसे आहेत, तोंवर अन्नाची चिंता करण्याचें कारण त्याला दिसत नाहीं. ही समजूत अगदींच खोटी नव्हे. परंतु ती किती अपुरी आहे हें पाहावयाचें असेल, तर वऱ्हाडांतील खामगांवासारखें उदाहरण मिळणें कठीण. हिंदुस्थानांतील कापसाच्या अगदीं मोठ्या पेठांत ज्याची एका काळीं गणना होत असे, त्याच गांवाच्या भोंवतालच्या मुलखांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसें अन्नान्न करीत मेलीं. हें कसें घडलें, याचा आज थोडक्यांत विचार करूं.

खामगांवची पेठ फार प्राचीन नव्हे. १८२० च्या सुमारास कांहीं व्यापाऱ्यांनीं येथें दुकानें थाटलीं, आणि तूप, सूत व थोडाफार कापूस यांचा व्यवहार सुरू केला. १८५३ सालीं निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केलें. पुढें १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि गिरणीवाल्यांची दृष्टि हिंदुस्थानाकडे वळली. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला सोन्याचें मोल आलें. १८६५ सालीं युद्ध संपलें, भाव उतरले. परंतु कापसासाठीं आंखलेली व्यवस्था मागें फिरली नाहीं. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ सालीं नागपुरास पोहोंचला. १८६९ सालीं सुवेझचा कालवा खुला झाला. आणि १८७० च्या मार्च महिन्यांत व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगांवास आले, व जलंबपासून खामगांवापर्यंतचा लोहमार्गाचा फांटा त्यांच्या हस्तें खुला झाला. फांटा अवघा आठ मैलांचा. तेवढ्यासाठीं व्हाइसरॉयनें यावें, यावरूनच त्या कापसाची किंमत ध्यानांत येते.

या नव्या मनूपूर्वीं वऱ्हाडचा शेतकरी अन्नाची तरतूद कशी करीत असे? त्याच्या शेतांत कापूस होताच. पण मुख्य पीक ज्वारीचें. ज्वारीच्या एका ताटापासून माणसाला भाकरी मिळते आणि बैलाला कडबा मिळतो. साल चांगलें आलें कीं उरलेलें धान्य पेंवांत जाई. कोरड्या जमिनींत खोल खड्डा खणावा, आंतून कडब्याचा किंवा गवताचा थर द्यावा, धान्य भरून तोंड मातीनें लिंपावें. असें धान्य दोनदोन, तीनतीन वर्षें टिके. सुगीच्या दिवसांतील मजुरी आणि बलुतेदारांचा वाटा हींही बहुधा धान्यांतच दिलीं जात. सुकाळाचें धान्य दूर नेण्यास वाट नव्हती, म्हणून तें गांवांतच राही.

हा काळ सोन्याचा होता असें मात्र कोणीं समजूं नये. पेंव बहुधा पाटलाचें किंवा सावकाराचें असे. गरिबाला त्यांतून मिळे तें सवाई-दिढीनें. शिवाय दोन वर्षें लागोपाठ बुडालीं, तर बाहेरून धान्य आणण्यासही वाट नसे. १८०३-०४ च्या दुष्काळानें हा सारा टापू उद्ध्वस्त केला, तेव्हां येथें रेल्वेही नव्हती आणि इंग्रजांचें राज्यही नव्हतें. बैलांच्या पाठीवरून येणारें धान्य भुकेल्या माणसांपर्यंत पोहोंचण्यापूर्वींच उशीर होत असे.

रेल्वेनें ही उणीव भरून काढली, पण तिच्याबरोबर दुसरी एक गोष्ट घडली. ज्या गाडीनें धान्य आंत येऊं शकतें, त्याच गाडीनें तें बाहेरही जातें. ज्वारीला दूरच्या पेठेंतील भाव मिळूं लागला, तसें पेंव भरून ठेवण्यांत शहाणपण उरलें नाहीं. सरकारसारा रोखीनें भरावयाचा, सावकाराचें व्याज रोखीनें द्यावयाचें, आणि रोख पैसा देणारें पीक म्हणजे कापूस. तेव्हां कापसाचा पेरा वाढत गेला, यांत शेतकऱ्याचा मूर्खपणा मुळींच नव्हता. मजुरीही हळूहळू पैशांत मिळूं लागली. गांवोगांवच्या कोष्ट्यांचे माग विलायती कापडापुढें बंद पडत चालले, आणि तेही मजुरांच्या रांगेंत येऊन उभे राहिले. अशा रीतीनें पूर्वीं ज्याचें अन्न शेतांतून थेट घरांत येत असे, त्याचें अन्न आतां दोन भावांवर अवलंबून राहिलें: कापूस विकण्याचा भाव आणि ज्वारी घेण्याचा भाव. यांतला एक लिव्हरपूलला ठरे, दुसरा पावसावर ठरे, आणि दोन्हींवर त्याची सत्ता नव्हती.

या व्यवस्थेची कसोटी लवकरच लागली. १८९६-९७ सालीं हिंदुस्थानच्या फार मोठ्या भागांत दुष्काळ पडला आणि धान्याचे भाव वऱ्हाडांतही चढले. त्यांतून लोक सांवरतात न सांवरतात तोंच १८९९ सालीं पावसानें दगा दिला. विक्रम संवत् १९५६ वरून ज्याला छप्पनियाचा दुष्काळ म्हणतात तो हाच. ज्वारी आणि कापूस दोन्ही बुडालीं. वऱ्हाडांत पाटबंधारे जवळजवळ नव्हतेच, आणि पूर्णेच्या खोऱ्यांतील कित्येक ठिकाणीं विहिरींचें पाणीही खारें. कडब्यावांचून गुरें मेलीं. निंदणी नाहीं, वेंचणी नाहीं, म्हणून मजुरी नाहीं. मजुरी नाहीं, म्हणून बाजारांत धान्य असूनही तें परक्याचें! त्या सालीं वऱ्हाडांतून धान्य बाहेर जाणेंही थांबलें नव्हतें, असें वऱ्हाडच्या कापसाचा व दुष्काळाचा इतिहास लिहिणारे लक्ष्मण सत्य यांनीं दाखविलें आहे. १८९१ च्या खानेसुमारींत वऱ्हाडची वस्ती सुमारें २९ लक्ष होती. १९०१ सालीं ती साडेसत्तावीस लक्षांवर आली. यांतले सगळेच भुकेनें गेले असें नव्हे. पटकी, हगवण आणि हिंवताप यांचाही वाटा मोठा होता. परंतु उपाशी शरीरावरच रोगाचा घाला पडतो, हेंही तितकेंच खरें.

सरकारला हें अगदींच ठाऊक नव्हतें काय? १८८० च्या दुष्काळ-कमिशननें स्पष्ट म्हटलें होतें कीं, दुष्काळाचा पहिला आघात भूमिहीन मजूर व कारागीर यांच्यावर होतो, कारण त्यांचें काम बंद पडतें. त्यावरून दुष्काळाचे नियमही तयार झाले. खडी फोडण्याचीं व तळीं खणण्याचीं कामें निघालीं, अन्नछत्रें उघडलीं. परंतु खजिन्याची काळजी आणि व्यापारांत हात न घालण्याचें तत्त्व यांपुढें मदत बहुधा उशिरां येई व तोकडी पडे. पुढें १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून अमर्त्य सेन यांनीं १९८१ सालीं हाच सिद्धान्त सविस्तर मांडला: देशांत धान्य असणें वेगळें, आणि तें मिळविण्याचा हक्क माणसाजवळ असणें वेगळें.

या सिद्धान्ताची उलट बाजूही महाराष्ट्रानें पाहिली आहे. १९७२-७३ सालीं राज्यांतील धान्याचें पीक निम्म्यावर आलें. आघात १८९९ सारखाच दारुण होता; परंतु १९७३ च्या उन्हाळ्यांत सुमारें ५० लक्ष माणसें सरकारी कामांवर होतीं, त्यांच्या हातांत रोज मजुरी पडत होती, आणि त्या मजुरीच्या मागोमाग धान्यही आलें. हाल झाले, गुरें गेलीं. पण छप्पनियासारखा मृत्यूचा कहर झाला नाहीं. वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून निघालेल्या रोजगार हमी योजनेला पुढें कायद्याचें रूप मिळालें, आणि तो कायदा १९७९ सालीं अमलांत आला. तिच्या खर्चासाठीं शहरांतील पगारदारांवर व्यवसायकर बसला. शहरानें खेड्याच्या भाकरीचा भार अंशतः उचलावा, हा विचार त्यांत होता. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें सवलतीच्या धान्याचा हक्कही मान्य केला.

मग प्रश्न मिटला काय? खामगांवच्या भोंवतालीं आज पाहावें, तर कापसाच्या शेजारीं सोयाबीन उभें आहे आणि ज्वारीचा पेरा आटला आहे. त्याच घरांत शिधापत्रिकेवर दूरच्या प्रांतांतील गहूतांदूळ येतो. म्हणजे अन्नाचें अंतर वाढलेंच आहे. फरक इतकाच कीं, मध्यें आतां कायद्याचा व कोठाराचा आधार आहे. अन्नाची शाश्वती, जिला आज अन्नसुरक्षा म्हणतात, ती एका गोष्टीवर कधींच उभी नसते. जमिनींत पीक हवें, कोठारांत शिल्लक हवी, वाहतुकीला वाट हवी, गरिबाच्या हाताला काम हवें, आणि हें सारें वेळेवर जुळवून आणण्यास बांधलेलें सरकार हवें. खामगांवांत १८९९ सालीं वाट उत्तम होती आणि पेठ भरभराटीची होती. उरलेल्या गोष्टी नव्हत्या, म्हणून माणसें मेलीं. सुकाळांत आपण ज्या व्यवस्थेचें कौतुक करतों, तिची परीक्षा दुष्काळांत होते. म्हणून सुकाळांतच तिच्याकडे लक्ष पुरविणें हें शहाण्या समाजाचें कर्तव्य आहे.